रिकामी फेरी

आमच्या बसस्टँडवर असं बोललं जातं, की घोषणा करणाऱ्या बाईचं कुणाशी तरी जुळलेलं आहे, तो माणूस तिला लाथा मारतो, आणि एकदा त्याने अबोला धरला तेव्हा तिने चक्क माइकवरून त्याची मनधरणी केली. ऐकणारे एक-दोघे नव्हते. फलाटांवरचे प्रवासी, पार्सलच्या खिडकीपुढची रांग, चहा पीत उभे असलेले ड्रायव्हर-कंडक्टर, सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलं. "असा गप्प राहू नकोस रे. काल झोपेपर्यंत तर नीट होतास. लाथ मार. हवं तर दोन मार, पण काहीतरी कर." शब्द तिचेच, आवाज तिचाच. मीसुद्धा तिथेच होते, तेव्हा त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो माणूस कोण, याचा. तो माणूस तिच्या पोटात होता. नववा महिना चालू होता. आणि तो 'तो' नव्हताच, 'ती' निघाली, पण ते पुढे येईल.

आता तुम्ही म्हणाल, नववा महिना ही काय झाकून राहणारी गोष्ट आहे? नाही, पण बघायला कुणी लागतं ना. ती बसायची स्टँडच्या वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत, आणि यायची-जायची मागच्या लोखंडी जिन्याने. लोकांना माहीत होता तो तिचा आवाज, आणि आवाजाला पोट नसतं. स्टँडवरच्या मंडळींना ठाऊक होतं म्हणा, पण चटकदार गोष्ट हाती आली की माणूस ठाऊक असलेलं सोयीने विसरतो. मीही विसरले असते. पण नेमकी मी तिची शेजारीण.

आमच्या इमारतीत तिला सगळे 'लक्षद्या' म्हणतात. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे" यातलं ते लक्षद्या. नाव मी ठेवलं. नावं ठेवायचं खातं आमच्याकडे पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. तिने राग मानला नाही. रागावायला आधी थोडी सलगी व्हावी लागते, आणि तेव्हा तेवढीही नव्हती.

आमची इमारत स्टँडच्या मागे. त्यामुळे दिवसभर तिचा आवाज माझ्या खिडकीतून घरात. मी कापड बेतत असते आणि ती सांगत असते, अमुक गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. ती हे अशा काही सुरात सांगते, की वाटावं, चार नंबरवर आपलं कुणी माणूस आपल्यासाठी उभं आहे. कितीदा तरी मला उगाच खाली जाऊन बघून यावंसं वाटलंय. आणि संध्याकाळी तो आवाज घरी आला, कुलूप उघडलं, की भिंतीपलीकडे चिडीचूप. भांड्याचा एक आवाज, नळाचा एक आवाज, मग काही नाही. गावभर बोलून आलेली बाई घरात बोलणार कुणाशी?

नवरा परदेशात क्रेन चालवतो. पार वर, ढगांच्या शेजारी त्याची केबिन. तीही काचेचीच. त्याचा फोन रविवारी. तो मला पाठ आहे. भिंत पातळ आहे, त्याला मी काय करू?

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो."

मग बराच वेळ काही नाही. दोघं एकमेकांचं गप्प राहणं ऐकतात, त्याचेच पैसे भरतात. मग "बरं, ठेवतो." मी त्या वेळी भाजी चिरायची थांबते, हे मात्र कुणाला सांगू नका.

तिच्या खोलीत एक कॉट, एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्यातली एक पालथी करून टेबलावर ठेवलेली, हॉटेल बंद झाल्यावर ठेवतात तशी. मी विचारलं, ही अशी का? तर म्हणाली, "झाडायला बरं पडतं." लागतच नव्हती ती खुर्ची कधी.

नवरा सुट्टीला येऊन गेला, दिवस राहिले, तसं मी तिला छळायला सुरुवात केली. गॅलरीत कपडे वाळत घालताना गाठायचं आणि विचारायचं, "काय हालचाल?" हे मी सगळ्यांनाच विचारते. दूधवाल्याला विचारते, घरमालकाला विचारते. कसं काय चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. पण हिने एके दिवशी पोटावर हात ठेवला आणि स्टँडवरच्या आवाजात उत्तर दिलं, "हालचाल वेळापत्रकानुसार सुरू आहे."

मी इतकी हसले, की चिमटा खाली पडला तो खालच्यांच्या डोक्यावर.

तेव्हापासून तो आमचा खेळच झाला. "काय हालचाल?" "पहाटेची गाडी सुटली." "काय हालचाल?" "दोन फेऱ्या झाल्या, तिसरी भरतेय." एकदा तिने मला आपणहून सांगितलं, की घोषणेच्या आधी स्टँडवर ती टिंग-टाँग घंटी वाजते ना, ती वाजली की हा आतून लाथ मारतो. "माझ्याआधी त्यालाच घाई," म्हणाली. तिला दात दिसतील असं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात जरा एकमेकांवर चढलेत. म्हणूनच तोंड मिटून बसत असेल.

मग एके दिवशी तिला हालचाल कमी वाटली आणि ती कामावरून उठून हॉस्पिटलात गेली. तपासलं, सगळं ठीक निघालं. परत असं वाटलं तर परत या म्हणाले आणि घरी पाठवलं. झालं इतकंच. पण स्टँडवर पार्सलवाला बसलेला. दुसऱ्यांची खोकी कानाशी हलवून आत काय असेल याचा अंदाज बांधायचा, हा त्याचा छंद. त्याने हिलाही तसंच हलवून बघितलं.

"काय बाई, रिकामी फेरी झाली म्हणे?"

बस प्रवाशांशिवाय जाऊन आली की तिला रिकामी फेरी म्हणतात. डिझेल फुकट, ड्रायव्हर फुकट. ते नाव तिला चिकटलं. कंट्रोलर साहेब, म्हणजे गाड्या सोडणारे, एरवी बरे आहेत, पण तेही म्हणाले, "रजा काय, घ्या. पण परत रिकामी फेरी नको. माझ्याकडे दुसरं कुणी नाही घोषणेला." रात्री सासूबाईंचा फोन. त्या लांब राहतात, गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही. त्यांनी सांगितलं, "अगं, शेवटी शेवटी जागा पुरत नाही, म्हणून पोर गप्प पडतं. आम्ही कुठे धावत होतो दवाखान्यात?"

ही तीन माणसं. एकाच्याही मनात वाईट नव्हतं. पण तिघांनी मिळून तिच्या पायात बेडी घातली, ती अशी.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी गॅलरीत नेहमीप्रमाणे विचारलं, "काय हालचाल?"

"ठीक," ती म्हणाली.

नुसतं ठीक. गाडी नाही, फेरी नाही, फलाट नाही. मला वाटलं, आज स्वारी रुसलीय. मग मी तिला खालच्या मजल्यावरच्या सुनेचं नवं प्रकरण तिखटमीठ लावून सांगितलं. ती हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी होती. वाळत घालायचा विसरून तो टॉवेल घेऊन आत गेली.

दुपारी मी स्टँडवर. शेजारच्या गावात मी शिवणकाम शिकवते, तिकडची गाडी पकडायला. टिंग-टाँग झालं आणि तिने सांगितलं, की माझी गाडी उशिराने धावत आहे. मी मनात दोन शब्द बोलले, बाकावर जागा धरली. जरा वेळाने पुन्हा टिंग-टाँग. पुढे काहीच नाही. पुन्हा टिंग-टाँग. लोक वर बघायला लागले. कंडक्टर म्हणाला, "घंटीच वाजवत बसल्या की काय बाई?"

आणि मग ते आलं. "असा गप्प राहू नकोस रे."

आधी सगळ्यांना कळेना. मग एकाने दुसऱ्याकडे बघितलं. 'लाथ मार' आलं तेव्हा हशा पिकला. पार्सलवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला. "अरे, कोण आहे तो नशीबवान?" एक बाई हसता हसता माझ्या खांद्यावर पडली. खोटं कशाला बोलू, मीही निम्मी हसले. हसू ओठांपर्यंत आलं आणि सकाळचं ते 'ठीक' आठवलं, तो टॉवेल आठवला, आणि मग कळलं, ती मघापासून घंटी का वाजवतेय. घंटी वाजली की तो लाथ मारतो ना. ती त्याला उठवत होती.

मी लोखंडी जिना कसा चढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. ती खुर्चीत बसलेली, एक हात पोटावर, एक घंटीच्या बटणावर. मी पहिलं काम केलं ते माइक बंद करायचं. तिथेच चूक झाली. पुढचं बोलणं लोकांनी ऐकलं असतं, तर अफवाच उठली नसती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सकाळपासून. उठले तेव्हापासूनच. सरबत प्यायले. डाव्या कुशीवर पडून पाहिलं. काकू, माइक चालू होता?"

"होता."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"ते मरू दे. ऊठ, हॉस्पिटल."

"मागच्या आठवड्यात जाऊन आले ना."

"मग आज परत जायचं."

"आणि परत काही नाही निघालं तर? साहेब काय म्हणतील? सगळे आधीच..." ती थांबली. "रिकामी फेरी म्हणतील."

"म्हणू देत. बस रिकामी आली म्हणून कुणी तिला भंगारात काढत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत सोडतात."

ती हसली नाही, पण उठली. दारात साहेब उभे. तोंड उघडलं होतं त्यांनी, पण तिच्याकडे बघून मिटलं. नुसते बाजूला झाले. आम्ही टॅक्सीत बसत होतो तेव्हा स्पीकरवर त्यांचा आवाज आला, घशात खडे असल्यासारखा. दोन नंबरची गाडी त्यांनी नऊ नंबरवर लावली. लोक पिशव्या घेऊन इकडून तिकडे धावत होते. मला वाटलं, हिला गंमत वाटेल. ती ऐकतच नव्हती. सगळं ध्यान तळहातात गेलेलं.

हॉस्पिटलात नर्सने आडवं केलं, पोटावर दोन पट्टे बांधले. "सोबत कोण?" विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "शेजारच्या काकू आहेत."

एका दमात मी कुणी नव्हते आणि होते. मी पडद्याशी स्टूल ओढून बसले.

मशीन सुरू झालं आणि ठोके ऐकू आले. पायाचं शिलाई मशीन भराभर चालवावं तसा आवाज. मी म्हटलं, चला, आहे बुवा. पण ऐकत राहिले तर मध्येच तो आवाज मंदावला, धागा अडकला की पाय आपोआप सैल पडतो तसा. मग पुन्हा वेग. मग पुन्हा मंद. नर्सच्या चेहऱ्यावर काही दिसेना. असले चेहरे मला मुळीच आवडत नाहीत.

"सकाळपासून कमी वाटतंय, मग दुपार का केलीत?" तिने विचारलं.

"सासूबाई म्हणाल्या, शेवटी जागा कमी पडते, म्हणून शांत होतं."

"शांत नाही होत. लाथेऐवजी ढुशी देईल, वळेल, सरकेल. तऱ्हा बदलेल, पण कमी नाही व्हायचं. तुमच्या सवयीपेक्षा कमी वाटलं, की तेव्हाच निघायचं. सरबत पिऊन वाट बघायची नाही आणि उद्यावर टाकायचं नाही."

"मागच्या आठवड्यात आले होते. सगळं ठीक निघालं, म्हणून वाटलं..."

"ठीक निघालं तर आम्हाला काय वाईट वाटतं का? दर वेळी या. याच कामाला बसलोय आम्ही."

मग डॉक्टरबाई आल्या. सोनोग्राफी केली, मशीनमधून निघालेला ठोक्यांचा कागद बघितला. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, बाळ वयाच्या मानाने बारीक आहे, ठोके मध्ये मध्ये दमतायत, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. "आत थांबण्यापेक्षा बाहेर बरं. ऑपरेशन आत्ताच करू. घरच्यांना कळवा."

तिने नवऱ्याला फोन लावला. तो वर केबिनमध्ये असणार. कामावर असताना त्यांचे फोन खाली कपाटात ठेवतात. तिकडे नुसती निरोप ठेवा म्हणणारी बाई बोलली, हिच्यासारखीच कुणीतरी. लक्षद्याने निरोप ठेवला. "मी हॉस्पिटलमध्ये आहे. आत्ता ऑपरेशन आहे. खाली उतरलास की फोन कर." आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

एरवी मी या वाक्यावर वर्षभर जेवले असते. तेव्हा मात्र तिचा फोन मी माझ्या पिशवीत ठेवला, मोजपट्टी आणि खडूंच्या डबीशेजारी. तिला नेलं. चाकांचा आवाज लांब गेला. तिच्या रिकाम्या पलंगाशेजारी मी बसून राहिले. समोरच्या पलंगावरच्या बाईभोवती नवरा, आई, दोन नणंदा. एकीने मला विचारलं, "तुमची मुलगी का?" मी हो म्हटलं. तेवढ्यापुरतं कशाला समजावत बसा.

पोरगी झाली. बाहेर आली ती निळसर आणि गप्प होती म्हणे. नर्सने पाठ चोळली तेव्हा रडली. मी दाराबाहेर ऐकलं. आवाज बारीक, पण एकेक अक्षर कळेल असा स्वच्छ. आईवर गेलेला. तिला थोडे दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. आई काचेच्या खोलीत, बाप काचेच्या केबिनमध्ये, लेक काचेच्या पेटीत. सगळं घराणंच काचसामान. डॉक्टरबाई संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "आज आलात ते बरं केलंत. उद्या आला असतात, तर काय सांगितलं असतं, मलाच माहीत नाही." लक्षद्या छताकडे बघत होती. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात जात होतं, ते तिने पुसलंही नाही.

नवऱ्याचा फोन आला तो माझ्या पिशवीत वाजला. मी उचलला आणि सांगितलं, दोघी ठीक आहेत. पलीकडे वारा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "ती जेवली का?"

वॉर्डात भेटीच्या वेळेला इतर पलंगांभोवती उभं राहायला जागा नसायची. हिच्या पलंगाशी मी. स्टँडवरचं कुणी फिरकलं नाही. साहेबांनी निरोप पाठवला, मोठी रजा कुठल्या तारखेपासून धरायची. मी तिला धीर द्यायला म्हणून रोज आठवण करून द्यायचे, की बघ, तुझ्यासाठी मी माझी गाडी सोडून धावले. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "तुमची गाडी तशीही उशिराने धावत होती, काकू. मीच सांगितलं होतं." तेव्हा मला खात्री पटली, की टाके भरत आलेत.

घरी आल्यावर भिंतीपलीकडे आता रात्रंदिवस आवाज असतो. पालथी खुर्ची सरळ झाली, पण तिच्यावर दुपटी वाळतात. बसायला अजूनही कुणी नाही. पोरगी पडून असते, आणि स्टँडवर टिंग-टाँग वाजलं, की खिडकीकडे तोंड करून दोन्ही पाय झाडते. लक्षद्या ते बघत राहते. पुढे साहेबांचा घसा ऐकू येतो, कुठली गाडी कुठे लागली ते त्यांनाही माहीत नसतं. मी भिंतीवर टकटक करून विचारते, "काय हालचाल?" कधी उत्तर येतं, कधी नाही. नाही आलं, की मी आता वाट बघत नाही, जाऊन दार वाजवते.

गेल्या महिन्यात ती काचेच्या खोलीची किल्ली रजेपुरती साहेबांकडे परत द्यायला स्टँडवर निघाली. मीही गेले. अशा वेळी मी मागे राहणारी नव्हे. पोरगी तिच्या खांद्यावर झोपलेली. पार्सलच्या खिडकीसमोरून जायचंच होतं. पार्सलवाला बाहेर वाकला, पोरीकडे बघितलं, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "धन्य आहे बाई तुमची. काही झालं नव्हतं, पोरगी तर ठणठणीत दिसतेय. आणि त्या दिवशी केवढा तमाशा, अख्ख्या स्टँडने ऐकलं. लाज नाही वाटली?"

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे त्याच्यासाठी बरंच काही साठलेलं होतं. पण लक्षद्या थांबली, पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि नेहमीच्याच, फलाट सांगायच्या आवाजात म्हणाली,

"ऐकलं अख्ख्या स्टँडने, आणि जिना चढून एकच बाई आली. लाज मला का वाटावी?"